वैजयंता ज्यांनी लिहिली

पाडवा जवळ आला की नारायणगावात राहुट्या उभ्या राहतात. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला एकेका फडाचं नाव लिहिलेली पाटी, आत एक टेबल, चार खुर्च्या, आणि जुन्नर-आंबेगावातल्याच नाही तर लांबलांबच्या गावांतली पंचमंडळी सुपारी द्यायला आलेली. कोणत्या तारखेला कोणता फड, किती रक्कम, गाण्याची बारी किती, वग कोणता, सगळं तिथं ठरतं. चैत्र-वैशाखातल्या जत्रांची ही बाजारपेठच. म्हणून तर नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात.

पण मैत्रिणींनो, या पंढरीत आपल्या आया-आज्यांना कधी दर्शन मिळालं नाही! सुपारी द्यायची पुरुषांनी, तमाशा बघायचा पुरुषांनी. घरातल्या बायका जत्रेचा नैवेद्य करणार, पाहुण्यांची ताटं वाढणार आणि रात्री ढोलकीचा आवाज आला की पोरांना घेऊन दार लावून झोपणार. तमाशातली बाई म्हणजे कोण, ती दिवसा काय खाते, तिची पोरं कुठं झोपतात, हे गावातल्या बाईला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. तिनं तमाशातली बाई पहिल्यांदा नीट पाहिली ती पडद्यावर. तंबूतल्या सिनेमात किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये. सिनेमाला बाईमाणसानं गेलं तर चालायचं, निदान घरच्या चार जणींसोबत तरी.

१९६१ साली असाच एक सिनेमा आला होता, ‘वैजयंता’. दिग्दर्शक गजानन जागीरदार आणि वैजयंता झाल्या होत्या जयश्री गडकर. हा सिनेमा एका कादंबरीवरून घेतलेला होता आणि ती लिहिणारा माणूस स्वतः तमाशात ढोलकी वाजवून आलेला होता. त्यांचं नाव अण्णाभाऊ साठे.

अण्णाभाऊ म्हटलं की आपल्याला आठवतात ते शाहीर. लाल बावटा, डफ, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. चौकात पुतळा असतो, १ ऑगस्टला मिरवणूक निघते. पण त्यांच्या पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या आहेत, त्यातल्या सातांवर मराठी सिनेमे निघाले, आणि त्यातल्या कितीतरींच्या केंद्रस्थानी बाई आहे, हे आपण बायकाच विसरून जातो.

वाटेगाव हे त्यांचं गाव. तालुका वाळवा, आताचा सांगली जिल्हा, तेव्हाचा सातारा. १ ऑगस्ट १९२० चा जन्म. पाळण्यातलं नाव तुकाराम. आई वालुबाई, वडील भाऊराव. घर मांगवाड्यात. इंग्रजांनी १८७१ मध्ये एक कायदा केला होता आणि त्यात काही जातीजमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. मूल जन्मलं की ते चोरच, असं धरून चालायचं. मोठ्या माणसांनी सरकारदरबारी हजेरी द्यायची. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. कुठं काही चोरी झाली की पहिली झडती आपल्या घराची, हे जिथं रोजचं, तिथं बाईनं संसार कसा केला असेल?

अण्णाभाऊंच्या जन्माची एक गोष्ट त्या भागात सांगतात. फकिरा नावाचा बंडखोर त्यांच्या नात्यातला. दुष्काळात इंग्रजांचा खजिना लुटून तो गोरगरिबांना वाटायचा. वालुबाई बाळंत झाल्या त्याच सुमाराला तो घोड्यावरून आला आणि बाळंतिणीच्या खर्चाला दोन ओंजळी सुरती रुपये देऊन गेला, अशी ती आठवण. पुढं याच फकिरावर त्यांनी कादंबरी लिहिली. बाळंतिणीचा डिंक-खोबऱ्याचा खर्च लुटलेल्या खजिन्यातून झाला, ही काय साधी गोष्ट आहे का!

शाळेचं म्हणाल तर ती दीड दिवसाची. पहिल्या दिवशी गेले, दुसऱ्या दिवशी मार बसला, अर्ध्या दिवसात दप्तर संपलं. मग रानात हिंडणं, पक्ष्यांच्या मागं जाणं, जत्रेत दांडपट्टा शिकणं. वडील मुंबईला माळीकाम करायचे. घरात खाणारी तोंडं बरीच. १९३०-३२ च्या दुष्काळी दिवसांत सगळं बिऱ्हाड मुंबईला निघालं, तेही चालत. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल तिथं मुक्काम करायचा, पुन्हा चालायला लागायचं. वालुबाई डोक्यावर बोचकं आणि बरोबर पोरं घेऊन साताऱ्याकडून मुंबईपर्यंत चालत गेल्या. आपण अण्णाभाऊंच्या पायपिटीबद्दल वाचतो, पण त्या रांगेत एक आईही चालत होती. संध्याकाळी तीन दगडांची चूल तिलाच मांडावी लागली असणार.

मुंबईत पोरगं काय काय करत होतं? हमाली केली, कोळसा उचलला, खांद्यावर गाठोडं घेऊन कापडचोपड विकणाऱ्याच्या मागं फिरलं, गिरणीत लागलं. आणि या सगळ्यात वाचायला शिकलं. कसं? दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघून! एकेक अक्षर जुळवत. सिनेमाची त्यांना भारी ओढ होती. ज्या माणसाची अक्षरओळख सिनेमाच्या पोस्टरवरून झाली, त्याच्याच कादंबऱ्यांची पुढं पोस्टरं लागली. असं काही एखाद्या लेखकानं कथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

मधल्या काळात ते गावी परतले आणि चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशात शिरले. इथं जरा थांबायला हवं, कारण ‘वैजयंता’ची मुळं इथं आहेत. ढोलकी, तुणतुणं, पेटी, बुलबुल, जे हातात येईल ते त्यांना वाजवता यायचं. वगात मिळेल ती भूमिका करायचे. तमाशा त्यांनी प्रेक्षकांत बसून नाही, पडद्यामागं बसून बघितला. रात्रभर नाचून पहाटे चाळ सोडणारी बाई, तिच्या सुजलेल्या पायांना तेल लावणारी म्हातारी, पेटाऱ्यावर झोपलेलं मूल, गावच्या पाटलाचा निरोप घेऊन आलेला गडी आणि तो निरोप ऐकून फडमालकाचा पडलेला चेहरा. हे बाहेरच्या लेखकाला दिसत नाही. त्याला फक्त घुंगरं दिसतात.

पुढं मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते कामगार चळवळीत आले. पहिलं गाणं लिहिलं ते तिथल्या डासांवर, हेही किती खरं वाटतं बघा. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. या तिघांनी मिळून महाराष्ट्र अक्षरशः ढवळून काढला. अण्णाभाऊंनी तमाशाची बांधणी घेतली, पण गणपतीच्या वंदनाच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं. कृष्ण आणि गवळणींची छेडछाड काढून टाकली. ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गवळणीच्या नावाखाली मावशीच्या तोंडचे जे विनोद चालायचे, ते बाईमाणसानं ऐकू नयेत म्हणून तर तिला घरी ठेवायचे! अण्णाभाऊंनी तो भागच गाळला. मग मिलच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम असला की कामगारांच्या बायकाही पोरंबाळं घेऊन पुढं बसू शकायच्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, त्यांच्या कलापथकावरही आणली. तेव्हा याच खेळांना लोकनाट्य हे नाव रूढ झालं. आज आपण सहज लोकनाट्य म्हणतो, त्यामागं हा इतिहास आहे.

आता घरचं थोडं. त्यांचं पहिलं लग्न कोंडाबाईंशी झालं. त्या गावी होत्या. मुंबईत जयवंताबाई त्यांच्या आयुष्यात आल्या. त्या स्वतः चळवळीतल्या, पक्षाचं काम करणाऱ्या. त्यांच्याशी त्यांनी संसार केला, दोन मुली झाल्या. कोंडाबाईंचा मुलगा वेगळा. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड गावोगाव गाजली. मुंबईला पोट भरायला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची कारभारीण, आणि तिच्याआडून महाराष्ट्राबाहेर राहिलेलं बेळगाव, कारवार, निपाणी. शाळा-कॉलेजात तिचा राजकीय अर्थ शिकवतात आणि तो बरोबरच आहे. पण एक बाई म्हणून ते गाणं ऐकताना मला वाटेगावात मागं राहिलेल्या कोंडाबाई आठवतात. खरीच एक मैना गावावर राहिली होती. ज्यानं इतक्या परक्या बायकांचं दुःख शब्दांत मांडलं, त्याच्या घरच्या बाईचं दुःख तिच्या शब्दांत कुणी लिहून ठेवलं नाही.

घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत त्यांचं बिऱ्हाड होतं. वर पत्रा, आजूबाजूला भांडणं, नळावरची रांग. लिहायला वेगळी खोली बिली काही नाही. इथंच बसून त्यांनी कादंबऱ्या, कथा, वगनाट्यं लिहिली. ‘चित्रा’ ही सुरुवातीची कादंबरी. मुंबईच्या बाजारात ओढल्या जाणाऱ्या गावाकडच्या पोरींची. ‘चंदन’ ही मुंबईत एकटी पडलेल्या, कष्ट करून पोराला वाढवणाऱ्या बाईची. ‘आवडी’, ‘वैजयंता’, ‘चिखलातील कमळ’, ‘माकडीचा माळ’, ‘अलगूज’, ‘वारणेचा वाघ’. आणि सगळ्यांत गाजलेली ‘फकिरा’, १९५९ ची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला त्यांनी ती अर्पण केली, वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ‘वैजयंता’ पडद्यावर आला आणि त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा रशियन भाषेत आधीच पोचला होता. चालत मुंबईला आलेला पोरगा विमानानं मॉस्कोला गेला. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचं छोटंसं पुस्तक जरूर वाचा, त्यांची थट्टेखोर बाजू त्यात छान दिसते.

‘वैजयंता’चं वेगळेपण काय? तमाशावरचे सिनेमे त्या काळात काही कमी नव्हते. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ तर पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला होता. तमाशापटांची लाटच आली होती. पाटील, इनामदार, बैठकीची लावणी, फेट्याचा तुरा आणि शेवटी सूड किंवा त्याग. या सिनेमांतली तमासगिरीण बहुतेक वेळा एकतर कुणाचा संसार मोडणारी, नाहीतर लग्न करून तमाशातून सुटायला धडपडणारी. म्हणजे तमाशा हा चिखल आणि संसार हा काठ. अण्णाभाऊंची वैजयंता तमाशातल्या आईच्या पोटी जन्मलेली. तिला हा पेशा म्हणजे कला आहे, याचा अभिमान आहे. तिचं म्हणणं काय, तर कलेला दाद द्या, पैसे द्या, पण माणूस म्हणून माझ्या अंगाला हात लावायचा हक्क तुम्हाला सुपारीनं मिळालेला नाही. तमाशा वाईट नाही, तमाशाकडे बघणारी नजर वाईट आहे, हे सांगणारी ही कादंबरी. हे ते सांगू शकले, कारण ते त्या पडद्यामागं बसलेले होते.

आणि हे सगळं कागदावर चाललं होतं तेव्हा आपल्या जुन्नर तालुक्यात त्या कादंबरीतल्यासारखी एक बाई जिवंत नाचत होती. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ चा. अण्णाभाऊंच्याच समाजातली, वडील भाऊ-बापू फडाचे. १९५७ मध्ये राष्ट्रपतिपदक, पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतिपदक. त्यांची एक गोष्ट तर या भागात सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि लुगडं सावरून पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. प्रेक्षक आरडाओरडा करत होते म्हणून! ही गोष्ट आपण नेहमी त्यांच्या जिद्दीचं कौतुक म्हणून सांगतो. मला मात्र दर वेळी त्या प्रेक्षकांचा राग येतो. आपल्याच गावांतली माणसं होती ती, कुणाचे तरी काका-मामा. सिनेमातल्या वैजयंतासाठी डोळे पुसणाऱ्या आणि विठाबाईंना बाळंतपणालाही उसंत न देणाऱ्या माणसांची घरं एकच असतील. विठाबाई १५ जानेवारी २००२ ला गेल्या. शेवटची वर्षं हलाखीची होती. पुढं २००६ पासून त्यांच्या नावानं राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार दिला जाऊ लागला.

सिनेमावाल्यांना अण्णाभाऊंच्या कादंबऱ्या का आवडल्या, हे वाचताना लगेच कळतं. घडामोडी भराभर होतात. दुष्ट माणूस पहिल्या पानावर ओळखू येतो. नायिका देखणी, करारी, नायक धिप्पाड. मारामारी आहे, पाठलाग आहे, योगायोगही भरपूर. मोठ्या समीक्षकांनी यावर नाकं मुरडली आणि कितीतरी वर्षं त्यांच्या नावाला वाङ्मयाच्या इतिहासात जेमतेम चार ओळी मिळाल्या. खरं सांगायचं तर काही कादंबऱ्या घाईत लिहिल्यासारख्या वाटतातच. पोट हातावर असलेला माणूस एकेक वाक्य घासत बसणार कसा? आणखी एक गोष्ट आजच्या बाईला खटकेल. त्यांच्या नायिकांना अब्रू जिवापेक्षा मोठी वाटते. आज आपण मुलींना उलटं सांगतो, की बाई गं, जीव मोठा, बाकी सगळं नंतर. पण ज्या वाड्यावरच्या बाईला अब्रू असते हेच गाव मानायला तयार नव्हतं, तिच्या बाजूनं तो शब्द लिहिणं वेगळं होतं. अब्रू हा वाड्यातल्या बायकांचा दागिना समजला जायचा, तो त्यांनी माळावरच्या, पालातल्या बायकांना दिला. आणि त्यांच्या बायका नुसत्या रडत नाहीत, हेही आहेच. हातात विळा-कोयता असेल तो उगारतात.

‘आवडी’ची नायिका वरच्या घरातली. रामोशाच्या धनाजीवर जीव जडवते आणि त्याची किंमत रक्तानं मोजावी लागते. अशा बातम्या आजही पेपरात येतात, नाही का? ‘चिखलातील कमळ’ मुरळीच्या प्रश्नावर. मूल होत नाही म्हणून, आजार बरा व्हावा म्हणून नवस बोलायचा आणि पहिली पोर खंडोबाला वाहायची. मुरळी म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावच्या बायकांना सांगायला नको. धामणीच्या खंडोबाला माघ पौर्णिमेला किंवा वडजच्या खंडेरायाला जाताना वाघ्या-मुरळीचं जागरण आपण ऐकतो, भंडारा कपाळी लावतो. पण देवाला वाहिलेल्या पोरीचं पुढं काय होतं, तिला लग्न करावंसं वाटलं तर काय, हे विचारायचं सुचत नाही. मुलींना देवाला वाहण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ मध्येच कायदा झाला होता. कागदावर! अण्णाभाऊंनी त्या पोरीच्या बाजूनं कादंबरी लिहिली. ‘माकडीचा माळ’ तर भटक्यांच्या पालांवरची. माकडवाले, डोंबारी, फासेपारधी. सुगी संपली की आपल्या गावाच्या माळावर जी पालं पडायची आणि जिकडं आई आपल्याला जाऊ द्यायची नाही, त्या पालांच्या आतलं जग.

या कादंबऱ्यांचे सिनेमे झाले तेव्हा एक गंमत झाली. गंमत म्हणायची की काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा. ‘आवडी’चा सिनेमा झाला ‘टिळा लाविते मी रक्ताचा’. ‘चिखलातील कमळ’चा ‘मुरळी मल्हारीरायाची’. ‘माकडीचा माळ’चा ‘डोंगरची मैना’. ‘अलगूज’चा ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’. नावच बदललं! धंद्याच्या दृष्टीनं नवी नावं ठसकेबाज आहेत, तिकीटखिडकीवर ती चालणारच. पण परिणाम असा झाला, की सिनेमा पाहून आलेल्या बाईनं वाचनालयात जाऊन ते पुस्तक मागितलं तर तिला ते मिळायचं नाही. त्या नावाचं पुस्तकच नव्हतं. आणि ज्या घरात ‘आवडी’ची पानं सुटेपर्यंत वाचली गेली, त्या घरात हाच तो सिनेमा हे कळलं नसेल. ‘वैजयंता’, ‘फकिरा’ आणि ‘वारणेचा वाघ’ एवढीच नावं मूळची राहिली. त्यातही दोन पुरुषांच्या पराक्रमाची.

यातले तीन सिनेमे, ‘टिळा लाविते मी रक्ताचा’, ‘डोंगरची मैना’ आणि ‘मुरळी मल्हारीरायाची’, १९६९ चे. हे साल लक्षात ठेवा.

अण्णाभाऊंची शेवटची वर्षं चांगली गेली नाहीत. पुस्तकं खपत होती, आवृत्त्या निघत होत्या, गावोगावच्या वाचनालयांत ती हातोहात जात होती, पण हाती पैसा राहत नव्हता. चळवळीचा जोर ओसरला होता, कलापथक मोडलं होतं, अमर शेख आणि गव्हाणकर आपापल्या वाटेनं गेले होते. तब्येत ढासळली. दारूनंही घात केला, ते लपवण्यात अर्थ नाही. १९६८ मध्ये सरकारकडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर मिळालं आणि चिरागनगर सुटलं. पक्क्या छपराखाली राहायला फार दिवस मिळाले नाहीत. १८ जुलै १९६९ ला, एकोणपन्नासावा वाढदिवस तेरा-चौदा दिवसांवर आलेला असताना, ते गेले. त्याच वर्षी त्यांच्या कथांवरचे तीन-तीन सिनेमे टॉकीजमध्ये होते. ‘वारणेचा वाघ’ १९७० मध्ये आला आणि ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ १९७४ मध्ये.

नंतर बरंच काही झालं. धाकटे भाऊ शंकर यांनी ‘माझा भाऊ अण्णाभाऊ’ हे पुस्तक लिहिलं. घरातल्या माणसानं सांगितलेलं असल्यानं त्यात पुतळ्यातले नाही, तर वाड्यात पोरांबरोबर वाढलेले अण्णा भेटतात. १९९८ मध्ये राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं त्यांचं निवडक वाङ्मय जाडजूड खंडात काढलं. १ ऑगस्ट २००२ ला त्यांचं टपाल तिकीट निघालं, चार रुपयांचं. २०२० मध्ये जन्मशताब्दी झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. विद्यापीठांत त्यांच्यावर प्रबंध होतात. त्यांच्या बायकांवरही होतात, म्हणजे कादंबऱ्यांतल्या.

शासनाचा तो खंड तालुक्याच्या ठिकाणच्या वाचनालयात बहुधा असतो. नसला तर सुट्या कादंबऱ्या मिळतात, पातळ आहेत, दोन दुपारींत होतात. सुरुवात ‘वैजयंता’नं करावी असं मी म्हणेन. ‘फकिरा’ सगळे सांगतातच. आणि टीव्हीवर कधी दुपारच्या वेळी ‘डोंगरची मैना’ लागला, तर भाजी निवडता निवडता बघा आणि सोबत बसलेल्या लेकीला-सुनेला सांगून ठेवा, की पुस्तक हवं असेल तर ‘माकडीचा माळ’ या नावानं मागायचं.